हार्डनर अडकला आणि सीझन गेला

सर्फबोर्ड घरी करता येतो, सांगलीतही करता येतो. मी गच्चीवर केला. सात फुटी, आत थर्माकोल, वरून सागाचं अर्ध्या मिलिमीटरचं व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. फेब्रुवारीत सुरुवात केली आणि मार्च संपायच्या आत आकार तयार होता. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजना थर्माकोल पुरवणाऱ्याकडून लाद्यांऐवजी अख्खा ब्लॉक घेतला, घनमीटरला २० किलो घनतेचा. पॅकिंगचा हलका माल घेऊ नका, पायाखाली दबतो.

अडलं ते रेझिनवर, म्हणजे वरून लावायच्या, सुकून कडक होणाऱ्या चिकट द्रवावर. कुपवाडच्या एमआयडीसीत फायबरकाम करणारे म्हणाले, "आमचंच न्या की, स्वस्तात देतो." पण ते पॉलिस्टर. त्यात स्टायरीन असतं आणि स्टायरीन थर्माकोल खाऊन टाकतं. तुकड्यावर ओतून बघितलं, डोळ्यांदेखत खड्डा पडला. १९४० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात बॉब सिमन्सने फोमला प्लायवूडने मढवून बोर्ड केले, तेही याच अडचणीतून. मला थर्माकोल न खाणारं इपॉक्सी रेझिनच हवं होतं. मुंबईहून मागवलं, ५ किलो रेझिन आणि ते कडक करण्यासाठी त्यात मिसळायचा हार्डनर.

रेझिन तिसऱ्या दिवशी आलं. हार्डनरचा खोका वेगळा होता, तो आला नाही.

ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर गेलो. क्लार्क म्हणाला, "साहेब, डब्यावर ॲसिडचं चिन्ह हाय. कागदाशिवाय सुटत नाही." हार्डनर त्वचा भाजणारा असतो, चिन्ह बरोबरच होतं. पण कोणता कागद, हे त्याला सांगता येईना. दुसऱ्या खेपेला कळलं, सेफ्टी डेटा शीट, म्हणजे रसायनाचे धोके आणि काळजी लिहिलेला कागद. पुरवठादाराने तासाभरात ईमेल केली, मी प्रिंट घेऊन पळत गेलो. तर त्यावर पाठवणाऱ्याचा शिक्का नाही. शिक्का मारलेली प्रत कुरिअरने आली, तेव्हा नेमका शिक्का ओळखणारा माणूस रजेवर. सोमवारी या. सोमवारी कळलं, खोका पुण्याच्या गोडाऊनला परत गेला. मी तिथेच बाकावर बसलो आणि हातातली बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची मालपावती, चुरगाळली, मग पुन्हा सरळ केली, कारण तिच्याशिवाय तो मिळणारच नव्हता.

एकूण २६ दिवस. रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन त्या पांढऱ्या आकारावरची धूळ झटकायची, एवढंच काम उरलं होतं. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. काय लागतं ते पहिल्याच दिवशी एका चिठ्ठीवर लिहून दिलं असतं तर चार दिवसांत सुटलं असतं. म्हणून सांगतो: रेझिन आणि हार्डनर एकाच बिल्टीवर बुक करायला लावा, आणि शिक्क्याची डेटा शीट खोक्याच्या बाहेर पाकिटात चिकटवून घ्या. फोनवर "हो हो" म्हणतील, फोटो मागा.

खोका हातात आला तेव्हा मे लागला होता. दुपारी २०० ग्रॅम कालवलं, दहा मिनिटांत वाटी धुमसली. तेव्हापासून पहाटे पाचला उठून, थोडं थोडं कालवून, लगेच पसरट ताटात ओतायचं. खोल भांड्यात ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं. आणि लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घालू नका. वजनकाट्यावर, दिलेल्या प्रमाणातच.

व्हिनिअर दाबून बसवायला फ्रिज-एसी दुरुस्त करणाऱ्या मित्राचा व्हॅक्युम पंप आणला. गेज पाऱ्याच्या १० इंचांच्या आत ठेवला, नाहीतर फोम चेपतो. हे आधी सांगायला हवं होतं: सागाचं व्हिनिअर तेलकट असतं, चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसून घ्या. आणि तापलेल्या तारेने थर्माकोल कापताना दारं-खिडक्या उघड्या हव्यात. पीयू (पॉलियुरेथेन) फोमला तर ती तार लावूच नका, धूर विषारी असतो.

शेवटचा थर सुकला आणि पाऊस सुरू झाला. समुद्र बंद. ते २६ दिवस मध्ये नसते तर मे महिन्यातच पाण्यात गेलो असतो, हे चार महिने रोज मनात येत होतं.

ऑक्टोबरात बोर्ड गाडीच्या टपावर बांधला. निघण्याआधी व्हेंटचा, म्हणजे बोर्डातली हवा बाहेर सोडणाऱ्या भोकाचा, स्क्रू सैल केला, कारण उन्हात आतली हवा फुगते आणि व्हिनिअर उचललं जातं. आंबा घाट उतरून रत्नागिरी, तिथून भाट्याचा किनारा. स्क्रू घट्ट केला, बोटाने दोनदा तपासला आणि पाण्यात शिरलो. तिसऱ्या लाटेला बोर्डने मला उचललं. सागाच्या रेषा ओल्या होऊन गडद झाल्या होत्या आणि त्यांवर माझे दोन्ही पाय होते.