फुकटचा मान

झावळ्यांचा रविवार, रात्री

फादर होण्यासाठी सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या संस्थेत, शिकतोय. थिऑलॉजीचं (धर्मशास्त्राचं) दुसरं वर्ष संपवून काल पुण्याहून घरी आलो. वसई स्टेशनबाहेर रिक्षात बसलो, गावाचं नाव सांगितलं, तर रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघून घेतलं आणि उतरताना पैसेच घेईना. "ब्रदर ना तुम्ही? राहू द्या. आमच्यासाठी एक प्रार्थना करा." फादर व्हायच्या आधी आम्हाला ब्रदर म्हणतात. अंगात पांढरा झगा नव्हता, विटलेला टी-शर्ट होता. तरी याने ओळखलं कसं कोण जाणे. नोट सीटवर ठेवली आणि बॅग उचलून चालू लागलो.

आज मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, झावळ्यांची मिरवणूक झाली. ईस्टरच्या आधीचा रविवार. नंतर शेजारच्या काकांकडे चहाला गेलो तर सत्तरी ओलांडलेले काका खुर्चीवरून उठले आणि ती मला दिली. मी बाकावर बसलो, ते उभेच राहिले. शेवटी सुनेने आतून दुसरी खुर्ची आणली तेव्हा दोघांचीही सुटका झाली.

घरात आई मला 'अरे' म्हणते आणि पाहुणे आले की 'ब्रदर'. आजीचं बरं आहे, ती आत-बाहेर सगळीकडे 'बदर'च म्हणते. बाबा तेवढे नावाने हाक मारतात. ती हाकही बहुतेक वेळा वाडीतूनच येते, पाण्याची पाळी असली की.

मी केलंय काय? परीक्षा दिल्यात. फादर होण्याच्या वाटेवरच्या वाचक आणि वेदीसेवक या दोन पायऱ्या चढलोय. कुणाचं पाप ऐकून घेतलेलं नाही, मरणाऱ्याला तेल लावलेलं नाही, कुणाचं लग्न लावलेलं नाही. यातलं काहीच करायचा मला अजून अधिकार नाही. पण खुर्ची आधीच मिळाली.

मंगळवार

चुलत बहिणीच्या मुलाने विचारलं, "मामा, तुझी शाळा संपत कशी नाही?" प्रश्न रास्त आहे. बारावीनंतर गेलो. सुरुवातीचा तयारीचा काळ, मग पूर्ण एक वर्ष फक्त प्रार्थना आणि स्वतःकडे बघणं, मग तीन वर्षं तत्त्वज्ञान, एक वर्ष पॅरिशमध्ये (एका चर्चखालच्या वस्तीत) काम, आणि आता चार वर्षांची थिऑलॉजी. चर्चच्या कायद्यानुसार तत्त्वज्ञान आणि थिऑलॉजी मिळून किमान सहा वर्षं हवीतच. गुरुदीक्षेसाठी, म्हणजे फादर होण्यासाठी, वयाची पंचवीस वर्षं पूर्ण झालेली असावी लागतात, आणि डीकन (फादरच्या आधीची पायरी) झाल्यावरही निदान सहा महिने थांबावं लागतं.

पूर्वी असं नव्हतं. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १५६३ साली धर्मप्रांतांना (बिशपांच्या हाताखालच्या विभागांना) सेमिनरी काढायला सांगितलं. त्याआधी बरेच जण एखाद्या फादरच्या हाताखाली राहून जमेल तेवढं शिकत. आमची पेपल सेमिनरी १८९३ साली पोप तेरावे लिओ यांनी श्रीलंकेत, कँडीला सुरू केली आणि १९५५ मध्ये ती पुण्याला नगर रोडवर आली. देशभरातली पोरं आहेत. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला मल्याळम, दुसऱ्या बाजूला कुरुख, आणि मध्ये आम्ही आमटीत गूळ का घालतात ते इंग्रजीत समजावून सांगतोय. दिवस घंटेवर चालतो. रात्रीच्या प्रार्थनेनंतर मौन. संडास-बाथरूम आम्हीच घासतो, त्याची पाळी लागते, आणि पाळी चुकवणारा दोन दिवसांत सगळ्यांना माहीत होतो.

लोकांना वाटतं, अवघड भाग लग्न न करण्याचा. तो अवघड आहेच. पण त्यावर सेमिनरीत निदान उघड बोलतात, वर्ग घेतात, आध्यात्मिक मार्गदर्शक खोदून खोदून विचारतात. या खुर्चीबद्दल कुणी वर्ग घेत नाही.

खुर्ची न मिळण्याची जागा मला पुण्यातच सापडली. वर्षभर सुट्टीच्या दिवशी एका सरकारी रुग्णालयात जायचो. काम ठरलेलं असं नव्हतं, रुग्णांशी बोलायचं, हवं-नको बघायचं. पहिल्याच दिवशी ऑर्थोच्या वॉर्डात एका आजोबांनी हाक मारली, "ओ मामा, भांडं द्या जरा." तिथे वॉर्डबॉयला मामा म्हणतात. मी भांडं दिलं, धरलं, रिकामं करून आणलं. त्यानंतर त्या वॉर्डात मी मामाच झालो. स्ट्रेचर ढकल, एक्स-रेच्या खिडकीशी कागद दे, खालून चहा आण. एक बाई तर चिडून म्हणाल्या, "केव्हाची बोलावतेय, कानात बोळे घातलेत का?" कुणी प्रार्थना सांगितली नाही की खुर्ची दिली नाही. त्या वॉर्डातून बाहेर पडताना मला जेवढं हलकं वाटायचं तेवढं वर्षभरात चॅपलमध्येही फार वेळा वाटलं नाही. हे मार्गदर्शक फादरना सांगितलं तर ते म्हणाले, "लिहून ठेव." म्हणून लिहितोय.

पवित्र गुरुवार

पाय धुण्याच्या विधीत मी फादरांमागे तांब्या आणि टॉवेल घेऊन होतो. बारा जण निवडलेले. २०१६ पासून पोप फ्रान्सिस यांनी स्त्रियांनाही त्यात घेण्याची मोकळीक दिली, त्यामुळे आमच्याकडे बायकाही होत्या, त्यातली एक लाल लुगड्यातली, आजीच्या वयाची.

गंमत अशी की सगळे पाय धुऊनच आले होते. एकाने नखं कापून साबण लावून इतके घासले होते की पोटऱ्या लाल झाल्या होत्या. दुसऱ्याच्या पायावर चक्क पावडर होती, पाणी पडताच तिची लापशी झाली. त्या आजींनी पाय मागे ओढला आणि म्हणाल्या, "नको फादर, भेगा आहेत." फादर गुडघ्यावर थांबून राहिले. मग आजींनी पाय पुढे केला. आयुष्यभर वाडीला पाणी देत फिरलेला पाय, भेगांत मातीची काळी रेघ बसलेली. टॉवेल माझ्याच हातात होता.

ग्लोरिया या स्तुतिगीताला घंटा वाजल्या आणि आता शनिवारी रात्रीच्या ग्लोरियापर्यंत गप्प. तोवर लाकडी खटका. वसईच्या घंटांचा इतिहास तसाही निराळा आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला तेव्हा इथल्या चर्चमधल्या घंटा मराठे घेऊन गेले. एक भीमाशंकरला आहे, एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात. नाशिकच्या घंटेवर १७२१ हे साल कोरलेलं आहे. एकदा सहलीला गेलो असताना आमच्यातला एक जण तिच्यासमोर उभं राहून म्हणाला, "ही बघा आमची, पण वाजते मस्त."

गुड फ्रायडे

आज मिस्सा नाही. दुःखसहनाची कहाणी, क्रुसाचं दर्शन, उपास. कॉयरची (गाणाऱ्यांच्या गटाची) वाद्यंही बंद, त्यामुळे कीबोर्डवाला मोकळा होता. तो माझा बॅचमेट. तत्त्वज्ञान संपता संपता त्याने सेमिनरी सोडली. आता विरारला एका ऑफिसात नोकरी करतो.

विधी संपल्यावर चर्चमागच्या चिंचेखाली तासभर बोललो. "सेमिनरीच्या रेक्टरना, मुख्य फादरना, सांगायला मला दहा मिनिटं लागली," तो म्हणाला. "त्यांनी शांतपणे ऐकलं, रात्री जेवायला शेजारी बसवलं. आईला सांगायला अख्खा पावसाळा गेला."

"मग?"

"मग तिने गावात सांगितलं, तब्येतीमुळे आलाय. अजून लोक भेटले की विचारतात, आता बरं आहे ना? मी म्हणतो, हो, बरं आहे."

हसलो दोघंही. मग तो म्हणाला की झग्यातला त्याचा फोटो भिंतीवरून उतरवलाय, पण आईने टाकला नाही, कपाटात साड्यांखाली आहे.

घरी येताना जाणवलं की हा मान फुकटचा नाहीच, उसना आहे. जो पुढे फादर होतो त्याच्याकडे कुणी परत मागत नाही. जो मध्येच परततो त्याच्या घरच्यांकडून व्याजासकट वसूल होतो. रिक्षाचं भाडं, खुर्ची, पहिलं ताट, सगळं. आणि हे शिकणाऱ्याला पहिल्या वर्षापासून ठाऊक असतं. सेमिनरी मुळात पारखून घेण्यासाठी असते, त्यांनी आम्हाला आणि आम्ही स्वतःला. दार दोन्ही बाजूंनी उघडं असेल तरच ती पारख खरी. सेमिनरीचं दार उघडंच आहे, मी पाहिलंय. गावाचं बंद आहे, आणि ते बंद करणारे सगळे माझ्यावर माया करणारे आहेत.

मला सोडायचं नाही. पण माझ्या 'नाही'त किती मी आहे आणि किती काकांची खुर्ची, हे मला नीट सांगता येत नाही.

ईस्टर सोमवार

शनिवारी रात्री पास्काचा (ईस्टरचा) जागर, काल दिवसभर पाहुणे, जेवणं. त्याबद्दल लिहायला अंगात त्राण नाही.

सकाळी चर्चच्या कायद्याचं पुस्तक काढलं. कलम १०२६ : दीक्षा घेणारा मोकळा असला पाहिजे, त्याच्यावर कुठल्याही प्रकारे, कुठल्याही कारणाने जबरदस्ती करायला सक्त मनाई. कलम १०३६ : दीक्षेआधी उमेदवाराने स्वतःच्या हाताने लिहून, सही करून द्यायचं की मी हे स्वखुशीने आणि मोकळ्या मनाने घेतोय. पुढच्या वर्षी डीकन होण्याआधी मलाही तो कागद लिहायचाय.

दुपारी आई एकटी भांडी आवरत होती तेव्हा तिला हे सांगितलं. म्हटलं, तो कागद लिहिताना मला वाटलं की नाही लिहिता येत, तर तू गावात तब्येतीचं सांगू नकोस. ती बराच वेळ पातेलं घासत राहिली. मग म्हणाली, "हाताने लिहायचं? तुझं अक्षर कोणाला लागणार?"

"म्हणजे चालेल ना तुला?"

"आधी लिहायला तर बस. आणि त्या मुलाच्या आईला मी इतकी वर्षं तब्येतच विचारत आले, उद्या जाऊन येते तिच्याकडे."

तेवढ्यात वाडीतून बाबांची हाक आली, नावाने. मोटर पाणी खेचत नव्हती. फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला होता. बाबांनी मला बावखळात, वाडीतल्या तळ्यात, उतरवलं, कमरेएवढ्या पाण्यात, आणि वर उभं राहून सूचना देत राहिले. शेजारचे काका कुंपणापलीकडून बघत होते. "अहो, ब्रदरला कशाला उतरवता?" म्हणाले.

बाबा म्हणाले, "मग तुम्ही उतरता?"