बिनलेबलाच्या पिशव्या

परमनंट मार्कर हा फक्त नावाला परमनंट असतो, अल्कोहोल लागलं की गेला. मातीच्या लॅबमध्ये हे सगळ्यांना माहीत असतं, पण आमच्याकडे नवीन आलेल्या ट्रेनीला ते कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने बिचाऱ्याने मन लावून, फील्डवरून आलेल्या सगळ्या पिशव्या ७० टक्के अल्कोहोलने बाहेरून पुसल्या आणि फ्रीजमध्ये ओळीने रचून ठेवल्या. मी फ्रीज उघडला तर चाळीसेक झिपलॉक पिशव्या, आत सगळीकडे तीच तपकिरी माती आणि वर नुसते निळे फराटे. दोन-चार पिशव्यांवर एखादा आकडा अर्धवट वाचता येत होता, बाकी शून्य.

आता या पिशव्या कसल्या ते सांगते. एकच जुनं शेत, एकच माती, त्याचे चौकोनी तुकडे पाडलेले आणि कुठल्या तुकड्यात काय लावायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं. साग, निलगिरी, शिरीष, आणि काही तुकडे मुद्दाम नुसत्या गवतावर सोडलेले. सगळी झाडं एकाच वर्षी लावलेली. माती दोन खोलींवरून घेतलेली, वरची १० सेंटिमीटर आणि खालची २० ते ३० सेंटिमीटर. एवढा खटाटोप कशासाठी, तर रानात आपल्याला कधीच कळत नाही की झाडाने माती बदलली की त्या मातीत तेच झाड टिकलं, इथे सुरुवात सारखी असल्यामुळे आज जो फरक दिसतो तो बहुतेक झाडाचाच. पोलंडमध्ये अशाच १४ जातींच्या प्लॉटवरचं काम २००५ साली छापून आलं होतं, ज्या झाडांच्या पाल्यात कॅल्शियम जास्त त्यांच्याखालची माती कमी आम्ल आणि तिथे गांडुळंही जास्त. आम्हाला गांडुळांपेक्षा बॅक्टेरियात रस होता.

तर पिशव्या ओळखायच्या कशा? पहिली आयडिया अर्थातच नाकाची, निलगिरी आहे म्हटल्यावर वास येईलच की! पण पालापाचोळा बाजूला करून, माती फील्डवरच चाळून भरलेली, त्यामुळे प्रत्येक पिशवीला तोच ओल्या मातीचा वास. (हा वास मुळात जिओस्मिनचा, स्ट्रेप्टोमायसिससारखे बॅक्टेरिया तो तयार करतात, म्हणजे तो सगळीकडे असणारच होता.)

मग म्हटलं, पीएच (आकडा जितका कमी तितकी माती आम्ल) तर करायचाच आहे, करून टाकू. प्रत्येक पिशवीतून १० ग्रॅम माती, २५ मिली पाणी, ढवळा, अर्धा तास थांबा, इलेक्ट्रोड बुडवा. अर्ध्याअधिक पिशव्या झाल्या तेव्हाच दिसायला लागलं की आकडे झुपक्याझुपक्याने येतायत. एक झुपका सहाच्या वर, एक साडेपाचच्या आसपास आणि एक चक्क पाचच्या खाली. ऐकायला फरक एवढासा वाटतो पण पीएचची पट्टी लॉगची असते, एक अंक खाली म्हणजे हायड्रोजन आयन दहापट. आणि साडेपाचच्या खाली गेलं की मातीतलं ॲल्युमिनियम विरघळायला लागतं, मुळांना ते सोसत नाही, त्यामुळे पाचच्या खालचा झुपका बघून सगळेच जरा गप्प झाले. उरलेल्या पिशव्यांचे आकडे मात्र सगळे एकसारखेच, त्या २० ते ३० सेंटिमीटर खोलीच्या असणार हे लगेच कळलं, तिथपर्यंत झाडांचा हात अजून फारसा पोचलेला नाही. सगळा खेळ वरच्या १० सेंटिमीटरमध्ये.

इथे आमच्या सरांनी फळ्यावर लिहून टाकलं. सहाच्या वर म्हणजे साग आणि गवत, मधला झुपका शिरीष, सगळ्यात आम्ल ती निलगिरी. साग समजण्यासारखा होता, सागाच्या पानात कॅल्शियम भरपूर, झाड ते खोलवरून ओढतं आणि पाला पडला की वरच्या थरात येतं. आणि निलगिरी तर काय, ती बदनामच आहे. कुणीच वाद घातला नाही, मी पण नाही.

दुपारी डीएनएचं काम सुरू झालं. पाव ग्रॅम माती, किट, बॅक्टेरियांच्या पेशींची बारीक मण्यांनी फोडाफोडी, नेहमीचंच. मधल्या झुपक्यातल्या पिशव्यांचा डीएनए तपकिरी आला. स्वच्छ पाण्यासारखा यायला हवा तो चांगला मळकट तपकिरी. पीसीआर (डीएनएच्या भरपूर प्रती काढणारी रिॲक्शन) लावला तर जेलवर बाकी सगळ्यांचे बँड, म्हणजे डीएनएच्या पट्ट्या, ठळक आणि याच लेन कोऱ्या. हे ह्यूमिक ॲसिड आणि फिनॉलवाली संयुगं, डीएनएबरोबर निघून येतात आणि पीसीआरचं एन्झाइम बंद पाडतात. दहापट पाणी घालून पातळ केलं आणि परत लावलं, बँड आले. म्हणजे बॅक्टेरिया होते, रिॲक्शन अडकली होती.

पण मग प्रश्न उभा राहिला. फिनॉलनी भरलेला पाला कुणाचा? निलगिरीचा. मग तपकिरी डीएनए मधल्या झुपक्यात कसा, तो तर फळ्यावर शिरीष आहे! आमची एक ज्युनियर म्हणाली, "सर, फळा उलटा तर नाही ना?" सर म्हणाले, "अगं, शिरीष नायट्रोजन धरणारं झाड आहे, ते माती सुधारतं, पाचच्या खाली कसं जाईल?"

आता यात खरा घोळ वेगळाच होता आणि तो मला जास्त खुपत होता. पीएचवरून झाड ठरवायचं आणि मग पेपरात लिहायचं की झाडामुळे पीएच बदलतो, हे म्हणजे आपणच पेपर काढायचा आणि आपणच सोडवून आपल्यालाच पैकीच्या पैकी द्यायचे. फळ्यावरची यादी बरोबर असो की चूक, ती डेटामध्ये वापरताच येणार नव्हती. मातीच्या केमिस्ट्रीशी संबंध नसलेला काहीतरी पुरावा हवा होता, नाहीतर सगळं सॅम्पलिंग पुन्हा.

पुरावा निघाला तो फील्डवरच्या काकांकडे. काका पिशवी भरली की तिथेच छोट्या काट्यावर वजन करतात आणि प्लॉट नंबरसमोर पेन्सिलने वहीत लिहितात, दशांशापर्यंत, त्यांना कुणी सांगितलेलं नाही, त्यांची शिस्त आहे. फोन केला तर म्हणाले, "वही आहे की, पाठवतो फोटो." आम्ही प्रत्येक पिशवी पुन्हा तोलली, पीएच आणि डीएनएसाठी काढलेली माती त्यात मिळवली आणि वहीशी जुळवत बसलो. पिशव्या घट्ट बंद होत्या त्यामुळे ओल फारशी उडाली नव्हती, वजनं जवळजवळ तंतोतंत बसत गेली.

आणि फळा उलटाच निघाला. मधला झुपका निलगिरी. पाचच्या खालचा, सगळ्यात आम्ल, तो शिरीष.

सर थोडा वेळ वहीकडेच बघत बसले, मग स्वतःच म्हणाले, "नायट्रेट काढा." पोटॅशियम क्लोराइडमध्ये माती हलवून नायट्रेट मोजलं तर शिरीषाच्या पिशव्यांत ते बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त. मग गणित सरळ आहे. शिरीषाच्या मुळांवरच्या गाठीतले ऱ्हायझोबिया नावाचे बॅक्टेरिया हवेतला नायट्रोजन धरतात, झाडाचा पाला त्यामुळे नायट्रोजनने श्रीमंत, तो कुजला की अमोनियम सुटतं, आणि विनोग्राड्स्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १८९० च्या सुमाराला वेगळे करून दाखवलेले नायट्रिफाय करणारे जीव त्याचं नायट्रेट करतात. एका अमोनियममागे दोन हायड्रोजन आयन सुटतात. झाडाने ते नायट्रेट शोषून घेतलं तर हिशोब बराचसा मिटतो, पण नायट्रेट गरजेपेक्षा जास्त झालं की पाण्याबरोबर खाली जातं, आणि जाताना एकटं जात नाही, सोबतीला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन जातं. मागे राहते ती आम्लता. हवाईमध्ये निलगिरी आणि शिरीषाच्या कुळातली झाडं शेजारीशेजारी लावून हेच दिसलं होतं, नायट्रोजनवाल्या झाडाखालची माती निलगिरीपेक्षाही आम्ल झालेली. आमच्यापैकी दोघातिघांनी ते वाचलेलं पण होतं, पण निलगिरी हा शब्द समोर आला की डोकं आपोआप तिकडेच वळतं.

बॅक्टेरियांचा सीक्वेन्सिंग डेटा (डीएनए वाचून कुठले बॅक्टेरिया किती ते) नंतर आला आणि तो झाडांपेक्षा पीएचच्या रांगेत जास्त नीट बसला. शिरीषाखाली ॲसिडोबॅक्टेरियाचा, म्हणजे बहुतेक करून आम्ल मातीत वाढणाऱ्या गटाचा, वाटा सगळ्यात मोठा, साग आणि गवत एकमेकांच्या इतके जवळ की ग्राफवर ठिपके एकमेकांत मिसळलेले. यात नवल नाही, २००६ मध्ये उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या ९८ मातींवरून हेच दिसलं होतं की बॅक्टेरियांची विविधता तापमान किंवा अक्षांशापेक्षा पीएचच्या तालावर चालते. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात तर एकाच शेतात चुना कमीजास्त पडल्यामुळे पीएच चारपासून आठच्या वर जातो, तिथे बॅक्टेरिया बदलत जातात आणि बुरशीला फारसा फरक पडत नाही. म्हणजे झाड बॅक्टेरियांना थेट निवडतं असं म्हणण्यापेक्षा झाड मातीचा पीएच हलवतं आणि पीएच बॅक्टेरिया निवडतो, निदान आमच्या प्लॉटवर तरी असंच म्हणावं लागेल. निलगिरीच्या फिनॉलचा काही वेगळा परिणाम आहे का हे मात्र त्या मळकट डीएनएमुळे ठाम सांगता येत नाही, पातळ केलेल्या सॅम्पलमध्ये कमी संख्येचे बॅक्टेरिया निसटू शकतात, आणि ही शंका आम्ही रिपोर्टमध्ये तशीच लिहिली.

दोन पिशव्यांचं वजन एकमेकांच्या इतकं जवळ आलं की कुठली कुठली ते ठरेना. एकीचा पीएच सहाच्या वर, दुसरीचा पाचच्या खाली, म्हणजे अंदाज कुणीही केला असता, पण नियम तो नियम, दोन्ही बाद. ट्रेनीला फार वाईट वाटलं, तो आता पिशवीच्या आतसुद्धा पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाकतो आणि इतरांनी टाकली का ते पण तपासतो.

शिरीषाच्या प्लॉटमध्ये आता अर्ध्या मीटरवर पाणी गोळा करणारे कप बसवलेत, नायट्रेटबरोबर कॅल्शियम खरंच किती खाली जातंय ते बघायला. आणि मीटिंगमध्ये कुणी "शिरीष लावा, माती सुधारते" म्हणालं की सरच आधी विचारतात, "कशात सुधारते? नायट्रोजनमध्ये की कॅल्शियममध्ये?"