होम सिम लॉग : ७३७ चा स्टॅब ट्रिम आणि चिकलठाण्याची धावपट्टी

मंडळी, या वेळी नवीन पॅनल नाही, नवीन लिव्हर नाही. फक्त ट्रिम, म्हणजे शेपटीचा आडवा पंख (स्टॅबिलायझर) कलवून विमानाचं नाक हवं तिथे टिकवणं. एक्स-प्लेन १२ सिम्युलेटर, त्यातलं झिबोचं बोइंग ७३७-८००, संभाजीनगरचं चिकलठाणा विमानतळ, धावपट्टी २७. एकूण वजन, फ्लॅप, वारा, सगळं तेच ठेवलं. विमानात वजन पुढे की मागे, एवढंच बदलत गेलो.

आधी पुढच्या रांगा आणि पुढचा होल्ड भरला. सीजी (विमानाचा गुरुत्वमध्य; टक्के कमी म्हणजे तो पुढे) १६ टक्क्यांजवळ आला, तो एफएमसीत (विमानाच्या संगणकात) टाकला तर ट्रिम सहा युनिटच्या वर. मग माणसं-सामान सगळं मागे ढकललं, सीजी २८ च्या आसपास, आणि ट्रिम साडेचारच्या खाली उतरला. गावाकडे बैलगाडी भरलेल्यांना हे समजवायला नको : ओझं पुढे झालं की बैलांच्या मानेवर येतं, मागे झालं की गाडी उलाळते. विमानात हा तोल शेपूट धरते. नाक जड असेल तर शेपटीने जास्त दाबायला हवं, म्हणून युनिट जास्त.

खरी मजा आकड्यांची अदलाबदल केल्यावर. नाकजड विमानाला मागच्या सीजीचा आकडा दिला. दोन्ही आकडे ट्रिमच्या मापावरच्या हिरव्या पट्ट्यातच (टेकऑफला चालणारी मर्यादा), त्यामुळे थ्रॉटल पुढे केल्यावर कॉन्फिग हॉर्न (चुकीच्या सेटिंगचा भोंगा) गप्प. पण व्हीआरला (नाक उचलायच्या वेगाला) योक (वैमानिकासमोरचं हँडल) ओढला तरी नाक उठायला तयार नाही; आणखी ओढावं लागलं आणि तोवर धावपट्टी भराभर मागे गेली. उलट केलं तर नाक व्हीआरच्या आधीच वर यायला लागलं, आणि ८०० ची शेपूट लांब, ती घासायला वेळ लागत नाही. म्हणजे हिरवा पट्टा ‘यात उडता येईल’ एवढंच सांगतो. आजच्या वजनाला कोणता आकडा बरोबर, ते नाही. चेकलिस्टमध्ये नुसतं ‘ग्रीन बँड’ म्हणून पुढे जाणाऱ्यांनी याच धावपट्टीवर हा प्रयोग करून बघावा.

रोटेशन (नाक उचलणं) उशिरा झालं तर काय होतं, हे आपल्या गावाला वेगळं सांगायला नको. २६ एप्रिल १९९३ ला इंडियन एअरलाइन्सचं ७३७-२०० इथूनच उडालं आणि बीड रस्त्यावरच्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं. ५५ जण गेले. चौकशीत बोट ठेवलं गेलं ते उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने केलेल्या रोटेशनवर, आणि रस्त्यावरची वाहतूक न रोखण्यावर.

आता योकबद्दल. स्प्रिंगवाला स्वस्त योक खोटा वाटतो, ही आपली नेहमीची तक्रार. सेसना १७२ मध्ये ती खरीच आहे : तिथे छोटा ट्रिम टॅब (कडेची लहान पट्टी) एलिव्हेटरला (शेपटीच्या मागच्या हलत्या भागाला) वाकडा धरून ठेवतो, त्यामुळे ट्रिम केल्यावर योकची जागाच सरकते. ७३७ मध्ये मात्र जॅकस्क्रू (फिरणारा लांब स्क्रू) अख्खा स्टॅबिलायझर हलवतो. भार त्याने घेतला की एलिव्हेटर जवळपास त्याच्या रेषेत येतो आणि कॉलम (योकचा दांडा) मध्याकडे परततो. आपली स्प्रिंगही तेच करते! त्यामुळे क्रम एकच ठेवलाय : नाक आधी योकने हवं तिथे न्यायचं, दाब धरायचा, ट्रिमचं बटण टुकटुक दाबत हात हळूहळू सैल सोडायचा. नाक ट्रिमने शोधत बसलं की विमान झोके घेतं. फ्लॅप बाहेर असताना मोटर जास्त वेगाने फिरते, तेव्हा बोट आखडतं घ्यायचं.

ट्रिम व्हीलचं (ट्रिमबरोबर फिरणारं, हातानेही फिरवता येणारं कॉकपिटमधलं चाक) काम अर्धवट आहे. वाळूजच्या एका लेथवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमची चकती कातून आणली, कडेवर पांढरा पट्टा रंगवला, म्हणजे फिरताना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसेल. मोटरचा खडखडाट इतका खरा झालाय की रात्री घरचे ओरडतात. आता घर्षण वाढवणारा ब्रेक बसवायचाय, कारण हाताने फिरवायला हलकं व्हील म्हणजे खेळणं. १० मार्च २०१९ ला कोसळलेल्या इथिओपियन ३०२ (७३७ मॅक्स) च्या वैमानिकांनी कटआउट केलं होतं, म्हणजे ट्रिमची मोटर बंद केली होती, पण विमान इतक्या वेगात होतं की हवेच्या भाराने व्हील हाताने फिरेना.

ब्रेक बसला की रनअवे ट्रिमचा (ट्रिम आपोआप फिरत सुटण्याचा) सराव : फ्लॅप आत, वेग चढलेला, कटआउट, व्हीलचं हँडल बाहेर. नाक थोडं खाली सोडून भार हलका करायचा आणि तेवढ्यात चार-दोन फेरे मारायचे, ही जुनी पद्धतही बघेन. कोणाकडे जुन्या सायकलचे ब्रेक पॅड पडून असतील तर कळवा.