पेंड म्हणजे खत नव्हे

दुपारी चारला बाईंचा फोन आला, "मासे सगळे वर आलेत, नुसती तोंडं उघडमीट करतायत." मी तेव्हा चांदणी चौकापर्यंत पोचलो होतो. तिथूनच गाडी वळवली.

मुळशी रस्त्यावरच्या त्या बंगल्यात बारा फूट बाय आठ फुटांचं तळं आहे. तीन फूट खोल, म्हणजे साधारण 8000 लिटर पाणी. त्यात अकरा कोई. त्याच सकाळी मी वॉटर लिलीची पाच घमेली त्यात सोडून आलो होतो.

कोई हा कार्पच्या जातीचा मासा. मिशांनी चाचपत तळ उकरत राहणं हा त्याचा स्वभाव, त्यामुळे त्याच्या तळ्यात लिली टिकवणं सोपं नसतं. मी 14 इंची पसरट घमेलं घेतो, कारण साध्या लिलीचा गड्डा आडवा वाढतो. नर्सरीतली कोकोपीट आणि शेणखताची हलकी माती अजिबात चालत नाही. ती तरंगते, कुजते, पाणी हिरवं करते. चिकण पोयटाच लागतो. गड्डा कडेला तिरका लावायचा, कोंब मधल्या बाजूला. कोंबावर माती आली की तो सडतो, म्हणून तेवढी जागा उघडी सोडायची आणि बाकी सगळीकडे मुठीएवढे नदीचे गोटे रचायचे. बरेच जण बारीक खडी पसरून मोकळे होतात. कोई ती खडी तोंडात घेऊन थुंकतात, आणि थोड्याच दिवसांत गड्डा उपटून वर तरंगतो. मग घमेलं टबात बुडबुडे थांबेपर्यंत मुरवायचं, आणि मगच हळूहळू तळ्यात सोडायचं. शनिवारी लावून रविवारच्या पाहुण्यांसाठी फुलं मागणाऱ्यांचं काम मी आता घेतच नाही.

पोचलो तेव्हा सगळे मासे धबधब्याच्या तोंडाशी गोळा झाले होते. पंप चालू होता. अमोनियाची चाचणी केली; रंग पिवळाच राहिला, म्हणजे ते कारण नव्हतं. मग धबधब्याखालचा फेस दिसला. रिठे घुसळल्यावर येतो तसा पांढरा, दाट, न फुटणारा. सकाळी तो नव्हता.

मी माळीकाकांना विचारलं, "काका, मातीत काही टाकलं होतं का?"

"खत न्हाई टाकलं दादा, तुमी नको म्हनला होता. गांडुळं लई निघाली मातीत, म्हून मोहाची पेंड टाकली. लॉनला आणली हुती त्यातली."

मोहाच्या पेंडीत सॅपोनिन असतं, रिठ्यात असतं तसंच फेस करणारं द्रव्य. ते माशांच्या कल्ल्यांतून रक्तात जातं आणि तांबड्या पेशी फोडतं. मत्स्यशेतीत तळं रिकामं करायला हीच पेंड मुद्दाम टाकतात, हेक्टरी 2000 ते 2500 किलो, आणि दोन-तीन आठवडे थांबून मगच बीज सोडतात. त्या हिशोबाने आमच्या तळ्याला दोन किलो पेंड म्हणजे सगळे मासे खलास. काकांनी पाच घमेल्यांच्या मातीत मिळून किलोभर मिसळली होती.

घमेली बाहेर काढली. गच्चीवरच्या टाकीत बोअरचं पाणी भरलं. त्यात क्लोरीन नसतं, पण हवाही कमीच असते, म्हणून एअर पंप लावला आणि मासे एकेक करून हलवले. तळ्याचं पाणी बागेत सोडलं. रात्री अकरापर्यंत तीन गेले. त्यात त्यांचा सगळ्यात जुना कोहाकू होता, पांढऱ्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत तांबडे पट्टे असलेला. तो हातात असताना कल्ले एकदाच हलले. बाकीचे आठ वाचले.

ती पेंडीची पिशवी मी उलटसुलट करून पाहिली. माशांना घातक आहे असा एक शब्दही कुठे छापलेला नाही. बागेच्या दुकानात हा माल सर्रास मिळतो, आणि विकणारे फक्त "गांडुळं जातील" एवढंच सांगतात. याचा मला अजून राग येतो.

बाई काकांना काढायला निघाल्या होत्या. मी सांगितलं, माती मी करून ठेवायला सांगितली होती, फोनवर, "पोयटा चाळून ठेवा, खत नको" एवढ्या शब्दांत. का नको ते सांगितलं नव्हतं. काकांच्या लेखी खत म्हणजे शेणखत, युरिया. पेंड हे गांडुळांचं औषध. त्यांनी माझं ऐकलं होतं, अगदी शब्दशः. सतरा वर्षं हे काम करतोय, आणि त्या "खत नको" या दोन शब्दांपाशी मी रोज येऊन अडतो.

गड्डे धुऊन, नवा पोयटा आणून पुन्हा लावलेत. परवा काकांचा फोन आला होता. गुलाबावर मावा पडलाय, फवारा मारला तर वाऱ्यानं तळ्यात जाईल का, म्हणून विचारत होते. आम्ही अर्धा तास बोललो.