'येतंय हां' म्हणजे जातो

हॅम्बुर्गला आलो त्याच आठवड्यात एका सहकाऱ्याच्या घरी केक पुढे आला. मी म्हटलं, "डांके." डांके म्हणजे धन्यवाद, एवढंच शिकून आलो होतो. बशी सरळ शेजारच्याकडे गेली! काही देऊ केल्यावर जर्मन माणूस नुसतं डांके म्हणतो तेव्हा त्याला ते नको असतं. हवं असेल तर 'या, गेर्ने' म्हणायचं. मी आपला दुसऱ्या आग्रहाची वाट बघत बसलो.

यंदा मेअखेर त्यालाच मालवणला घरी आणलं आणि वचपा आपसूक निघाला. तिसऱ्या घावण्याला तो "थँक्यू, थँक्यू" म्हणाला. आईने चौथं वाढलं. शेवटी पानावर आडवा हात धरायला मी शिकवलं. मग आईने अर्धंच वाढलं.

संध्याकाळी शेजारचे तात्या पडवीतल्या गजाली आटपून उठले. "येतंय हां." निघताना 'जातो' म्हणू नये, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्याने अर्थ विचारला, मी शब्दशः सांगितला. पाऊण तास तो तात्यांची खुर्ची मोकळी ठेवून पायरीवर बसला होता.

एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये मांडलं होतं की काही समाजांत अर्थ शब्दांत असतो, काहींत शब्दांभोवतीच्या परिस्थितीत. जर्मन पहिल्या टोकाला, जपानी दुसऱ्या. मालवण कुठे, ते होडीवाल्याने दाखवलं.

मासेमारीला नेशील का, विचारल्यावर तो म्हणाला होता, "बघूया. वारो बगून." पाहुणा सकाळी सहाला किनाऱ्यावर हजर. तिथे होड्या वाळूवर ओढून त्यांच्यावर झाप चढवायचं काम चाललेलं. १ जूनपासून यांत्रिक मासेमारीला ६१ दिवसांची बंदी, त्यात दर्याही फिरलेला. 'बघूया' म्हणजे 'नाही', हे मला रात्रीच कळलं होतं. त्याला सांगायचं राहिलं, ही चूक माझीच.

तो वैतागला. नाही म्हणायला काय झालं होतं? मी होडीवाल्याला विचारलं. "पावण्याक तोंडार नाय कसा सांगू?"

दुपारी त्याच्याकडून दोन पापलेटं घरी आली, सोबत निरोपबिरोप काही नाही. पाहुणा विचारत राहिला, याचे पैसे किती, आणि हे नक्की कशाबद्दल?

आई मासे साफ करत म्हणाली, "कशाबद्दल म्हणजे?"