स्क्रू आवळल्यावर

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात रत्नागिरीतल्या माझ्या दुकानात मान वर करायला सवड नसते, कारण चाकरमान्यांचे लॅपटॉप आणि मंडळांचे अ‍ॅम्प्लिफायर एकाच वेळी येऊन पडतात. त्या गर्दीत भाट्याहून घरूनच कंपनीचे काम करणारा एक तरुण स्वतः जोडलेला मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असलेला, कीबोर्ड घेऊन आला. ‘काका, २, डब्ल्यू, एस आणि एक्स ही चारच बटणे चालत नाहीत, चारही स्विच बदलून पाहिले,’ असे त्याने सांगितले. हल्ली व्हिडिओ पाहून सगळे आधी सुटे भाग मागवतात आणि मग दोष शोधायला बसतात.

अशा कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते. आडव्या-उभ्या ओळींची जाळी असते, बहुधा प्रत्येक बटणाच्या जोडीला १एन४१४८ हा वीज एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड असतो, आणि कंट्रोलर एकेक ओळ तपासून कोणते बटण दाबले आहे ते ओळखतो. बिघडलेली चारही बटणे एकाच उभ्या ओळीतली होती, त्यामुळे स्विच किंवा डायोडवर संशय घेण्यात अर्थ नव्हता. मी तळ उघडला, मल्टीमीटरचे एक टोक कंट्रोलरच्या पिनेवर व दुसरे स्विचच्या सॉकेटवर टेकवले, तर मीटर खणखणीत वाजला, म्हणजे जोडणी शाबूत होती. संगणकाला जोडल्यावर बटणेही चालली. हा पावसाळी ओलाव्याचाच प्रताप, असे समजून मी आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड पुसला, पैसे घेतले आणि कीबोर्ड दिला.

तिसऱ्या दिवशी तो परत आला. ‘उघडला की चालतो, बंद केला की बंद पडतो,’ हे त्याने स्वतःच ताडले होते, जे खरे तर मला कळायला हवे होते. मी कीबोर्ड संगणकाला जोडूनच एकेक स्क्रू आवळत गेलो. चौथा आवळताच बोर्ड किंचित वाकला आणि चारही बटणे मेली. भिंगाखाली कंट्रोलरच्या त्या पिनेभोवती सोल्डरमध्ये, म्हणजे पीन बोर्डाला जोडणाऱ्या डाखात, केसाएवढी गोल चीर दिसली. पहिल्या दिवशी मीटर वाजला होता तो माझ्याच हाताच्या दाबाने, कारण टोक टेकवताना मी पीन दाबत होतो आणि चीर मिटत होती. वीस वर्षे हे काम करणाऱ्याला हे शोभत नाही.

चिरेच्या कडेला हिरवट थर होता, डाख नीट बसावा म्हणून लावलेली सोल्डरिंग पेस्ट न पुसल्यास खाऱ्या हवेत तांब्यावर चढतो तसा. जुने सोल्डर ओढून काढले, नवे भरले, पेस्ट धुतली, आणि सगळे स्क्रू आवळून कीबोर्ड रात्रभर ठेवल्यावर सकाळी पुन्हा तपासला. पेस्ट पुसायची असते हे त्याला सांगितले, तेव्हा ‘व्हिडिओत नव्हते’ एवढेच तो म्हणाला. दुसऱ्या वेळचे पैसे मी घेतले नाहीत.

आधी स्क्रूने चीर पाडली आणि तिच्यात खारी हवा शिरली, की पेस्टने पोखरलेला सांधा स्क्रूच्या ताणाने फुटला, हे मला अजून ठरवता आलेले नाही. जुने सोल्डर काढण्यापूर्वी भिंगातून एक फोटो घ्यायचे मात्र घाईत राहून गेले.