वाटीतल्या चार गोळ्या

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. ओपीडीतले पंखे गरम हवाच इकडून तिकडे ढवळत होते आणि माझ्यासमोर बसलेल्या काकूंनी नऊवारीवर मरून स्वेटर घातला होता, तोही वरपर्यंत बटणं लावून.

मी रक्ताच्या कर्करोगाच्या ओपीडीत फार्मासिस्ट आहे. काकू बार्शीकडच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. दीड वर्षापूर्वी सीएमएल हा रक्ताचा कर्करोग निघाला, तेव्हापासून त्यावरची इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅमची रोज एक गोळी. आजार किती उरलाय ते सांगणाऱ्या, दर तीन महिन्यांच्या बीसीआर-एबीएल तपासणीत आकडा छान उतरत होता. मुलगा पुढच्या महिन्याच्या गोळ्या न्यायला आला होता, पण काकूंचा पवित्रा वेगळाच.

"तोंड बघा की माझं, पुरी फुगल्यावानी झालंय. रातीला पायात गोळे येत्यात. ही गोळी बंद करा." मुलगा पाणी प्यायला बाहेर गेला तशा त्या पुढे वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "आठवड्यातनं दोनदा मी घेतच नाही. त्याला सांगू नका."

माझ्या पोटात धस्स झालं. आकडा उतरतोय तो रोजच्या गोळीच्या जोरावर. मधेमधे खंड पडला तर आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो. बरं, त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. इमॅटिनिबने डोळ्यांभोवती सूज येते, पायात गोळे येतात, थकवा येतो. नव्या पेशंटला हे मीच पाठ म्हटल्यासारखं सांगते. त्या दिवशीही तेच सांगून, मीठ कमी करा म्हणून मोकळी झाले असते. पण तो स्वेटर डोळ्यात खुपत होता.

"काकू, थंडी वाजते?"

"उन्हानं माती तापलीय आन् मला हीव भरतंय."

आवाजही घोगरा. पोट साफ होतं का विचारलं, तर चार-चार दिवस नाही. इमॅटिनिबने बहुतेकांचं पोट बिघडतं ते उलट्या बाजूने. स्वेटरचं वरचं बटण काढायला लावलं आणि गळ्यावरचा जुना आडवा व्रण दिसला. फाइलच्या पहिल्या पानावर एका ओळीत उरकलं होतं: गलगंडाचं ऑपरेशन, थायरॉईड पूर्ण काढलेली. थायरॉईडची १०० मायक्रोग्रॅमची गोळी बाहेरच्या डॉक्टरांची, म्हणून आमच्या औषधांच्या यादीत नव्हती. थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढतो तो टीएसएच; त्याची शेवटची तपासणी इमॅटिनिब सुरू व्हायच्या आधीची.

"सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगा."

त्यांनी सांगितलं नाही, करून दाखवलं. रात्रीच एका स्टीलच्या वाटीत चार गोळ्या काढून ठेवायच्या. सकाळी चूळ भरली की चारही एकदम तळहातावर, आणि वरून कपभर चहा. थायरॉईडची, ऑपरेशनपासून चालू असलेली कॅल्शियमची, आमच्याकडून गेलेली आम्लपित्ताची पॅन्टोप्राझोल, आणि हल्ली गळून जातंय म्हणून गावातल्या डॉक्टरांनी दिलेली लोहाची.

तीन जणांनी तीन चिठ्ठ्यांवर 'सकाळी उपाशीपोटी' लिहिलं होतं. पॅन्टोप्राझोलच्या पाकिटावरचं अक्षर माझं होतं.

कॅल्शियम आणि लोह आतड्यात थायरॉईडच्या गोळीला धरून ठेवतात, ती रक्तात उतरूच देत नाहीत; मध्ये निदान चार तास हवेत. आम्लपित्ताच्या गोळीने पोटातलं आम्ल कमी झालं की थायरॉईडची गोळी नीट विरघळतही नाही. चहाचा अडथळा वेगळाच. थकवा आला म्हणून लोह दिलं आणि लोहानेच थकवा वाढवला, असला हा फेरा!

टीएसएच ६२ आला. साधारण चारपर्यंत असायला हवा. म्हणजे अंगात थायरॉईड फारच कमी; थंडी, घोगरा आवाज, न साफ होणारं पोट, सगळं त्यातलंच.

मला वाटलं, वेळा सुधारल्या की काम झालं. आमच्याकडच्या थायरॉईडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाही होणार. ज्यांची ग्रंथीच काढलेली आहे त्यांना इमॅटिनिबवर असताना बाहेरून द्यायचा थायरॉईडचा डोसच जास्त लागतो. २००५ मध्ये असे रुग्ण नोंदवले गेले आहेत. स्वतःची ग्रंथी शाबूत असलेल्यांत तसं दिसलं नव्हतं. यकृत हार्मोन भराभर निकालात काढतं, असा त्यामागचा अंदाज. त्यांनी डोस १२५ केला. पॅन्टोप्राझोल आणि लोहाची खरं तर गरजच नव्हती, त्या दोन्ही गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, इमॅटिनिब रात्री भरल्या पोटी मोठा पेलाभर पाण्याबरोबर. थायरॉईडची गोळी पहाटे एकटी, आणि चहा तासाभराने. या शेवटच्या अटीवर काकूंनी सगळ्यात जास्त घासाघीस केली.

मुलाला मी काही सांगितलं नाही. डॉक्टरांना मात्र सांगितलं, काकूंच्या समोरच. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की बस्स.

सहा आठवड्यांनी टीएसएच ११. म्हणजे डॉक्टरीणबाईंचंच खरं ठरलं. डोस १५० झाला. पुढच्या खेपेला ३.२, आणि बीसीआर-एबीएलही जागेवर. डोळ्यांखाली थोडी सूज उरलीच होती, ती खरोखर इमॅटिनिबची. तिच्याबद्दल काकूंची आता तक्रार नव्हती. स्वेटरही नव्हता.

श्रावण तोंडावर होता. पाकीट पिशवीत टाकता टाकता त्यांनी विचारलं, "एकादशीला रातीची गोळी खिचडीवर चालंल का?"

"चालेल," म्हटलं, "पण पोटभर खा."

"उपासाला आम्ही पोटभरच खातो, बाई."